मोटारगाडीच्या एंजिनासाठी तेलाची निवड

मोटारगाडी बाळगणाऱ्या गृहस्थास तिच्यासंबंधी जे निर्णय वरचेवर घ्यावे लागतात, त्यांपैकी एंजिनातील तेलाचा निर्णय बहुधा सर्वांत कमी विचाराने घेतला जातो. पेट्रोलच्या भावाकडे त्याचे लक्ष असते, टायर झिजला म्हणजे तो चार ठिकाणी चौकशी करतो. परंतु तेल बदलण्याची वेळ आली की, 'चांगल्यापैकी घाला' एवढे सांगून तो मोकळा होतो. त्याच्या जोडीला आपल्याकडे एक समजही पक्का रुजलेला आहे. तेल जितके दाट तितके ते चांगले, आणि आपला देश उष्ण असल्यामुळे येथे तर ते दाटच हवे, असा हा समज होय. जुन्या गाड्यांच्या काळी तो अगदीच निराधार होता असे नाही. आजच्या पेट्रोलगाडीच्या बाबतीत मात्र तो खर्चाचा, आणि क्वचित एंजिनाच्या जिवावर बेतणारा ठरतो. असे का व्हावे, हे समजण्यासाठी प्रथम तेल एंजिनात नेमके काय करते ते पाहिले पाहिजे.

तेलावर तरंगणारा दंड

'वंगण' हा शब्द आपल्या भाषेत मोटारीच्या पुष्कळ आधीपासून आहे. बैलगाडीच्या आसाला जे चोपडावयाचे ते वंगण. ते लावले की चाक करकरत नाही, एवढे त्याचे काम. एंजिनातील तेलाचेही काम असेच, फक्त मोठ्या प्रमाणावर, असे आपण सहज धरून चालतो. वस्तुतः दोहोंत मूलभूत भेद आहे, आणि तो ध्यानात आला तो केवळ एका लाकडी खुंटीमुळे.

इंग्लंडमध्ये बोशम्प टॉवर नावाचे एक अभियंते यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी आगगाडीच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. त्यांचा पहिला अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि त्याच्यावर पितळी बेअरिंगाचा भार, अशी त्यांची मांडणी होती. तेल वरून सोडून पाहावे म्हणून त्यांनी बेअरिंगाच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल वर उसळून बाहेर येऊ लागले. त्यांनी बूच बसविले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. तेव्हा त्यांनी तेथे दाबमापक लावला. बेअरिंगावरील भार सरासरीने दर चौरस इंचास १०० पौंड असताना मापकाचा काटा २०० च्याही पलीकडे गेला. याचा अर्थ स्पष्ट होता. आस पितळेवर घासत नव्हताच. फिरता फिरता त्यानेच आपल्याबरोबर तेल ओढून आणले होते, आणि त्या तेलाच्या पापुद्र्याने सारा भार उचलून धरला होता.

यामागचे गणित मँचेस्टरचे प्राध्यापक ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली मांडले. फिरणारा दंड बेअरिंगात किंचित एका बाजूस सरकलेला असतो. त्यामुळे दोहोंमधील फट पाचरीसारखी निमुळती होते. या पाचरीत तेल खेचले गेले म्हणजे ते कोंडले जाऊन त्यात दाब निर्माण होतो. हा दाब किती होईल, हे दंडाची गती, फटीचे माप आणि तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा त्याचा अंतर्गत विरोध, यांवर अवलंबून राहते. आजच्या मोटारगाडीचा क्रँकशाफ्ट याच न्यायाने तेलावर तरंगत असतो. त्या पापुद्र्याची जाडी काही सहस्रांश मिलिमीटर एवढीच, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहून कितीतरी कमी असते.

येथे दाट तेलाचा पुरस्कर्ता म्हणेल की, मग आमचेच खरे. श्यानता वाढली की पापुद्रा जाड होणार. तसे होते हे खरे. परंतु श्यानतेबरोबर तेलाचे स्वतःचे घर्षणही वाढते. ते ढवळण्यात पेट्रोलची शक्ती खर्ची पडते आणि तेवढी उष्णता निर्माण होते. शिवाय तेल अगोदर त्या फटीपर्यंत पोहोचले तर पाहिजे. एंजिन थंड असता दाट तेल पंपाने रेटले म्हणजे दाबमापकाचा काटा वर चढतो आणि आपण समाधान पावतो. पण मर्यादेबाहेर गेलेला दाब सोडून देणारी झडप त्याच वेळी उघडून पुष्कळसे तेल परत तळच्या टाकीत जात असते. दाब भरपूर आणि प्रवाह अपुरा, अशी ती अवस्था असते.

दाट, जड आणि घट्ट

भाषेच्या एका अडचणीचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. गॅरेजांतून दाट तेलाला 'जड' तेल म्हणण्याची रीत आहे. जडपणाचा आणि श्यानतेचा तसा संबंध नाही. काकवी पाण्यापेक्षा जडही आहे आणि श्यानही आहे. परंतु एंजिनाचे तेल पाण्यावर तरंगते, म्हणजे पाण्याहून हलके आहे, तरीही त्याची श्यानता पाण्याच्या अनेक पट असते. 'दाट' हा शब्द त्यातल्या त्यात बरा, म्हणून येथे तोच वापरला आहे.

काकवीचाच दाखला पुढे चालवावयाचा तर, पौषातल्या सकाळी ती बरणीतून उतरता उतरत नाही आणि चुलीजवळ ठेवली की सरसर वाहते. सर्वच तेलांचे असे होते. ५डब्ल्यू-३० या जातीच्या एखाद्या सामान्य तेलाची श्यानता ४० अंश सेल्सिअसला सुमारे ६० ते ७० सेंटिस्टोक असते, ती १०० अंशांना १० ते ११ पर्यंत उतरते. म्हणजे ६० अंशांच्या फरकाने ती एकषष्ठांश झाली. खनिज तेलात मेणाचा अंश असला तर थंडीत आणखी एक संकट उद्भवते. खोबरेल जसे थिजते, तसे मेणाचे कण जमून तेल वाहण्याचेच थांबते. ते टाळण्यासाठी तेलात वेगळी द्रव्ये घालावी लागतात.

डब्यावरील आकड्यांचा अर्थ

अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ साली श्यानतेवरून तेलांच्या प्रती ठरविण्यास आरंभ केला. तीच पद्धती वेळोवेळी सुधारून आज जगभर चालते. ५डब्ल्यू-३० यातील 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर होय. वजनाशी त्याचा संबंध नाही. पहिला आकडा तेल थंडीत कसे वागते ते सांगतो. ५डब्ल्यू तेलाची चाचणी उणे ३० अंशांना घेतात आणि त्या थंडीत एंजिन फिरविता येईल इतपत ते पातळ राहिले पाहिजे, असा दंडक आहे. १५डब्ल्यूसाठी ही चाचणी उणे २० अंशांना, तर २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांना होते. आकडा जितका लहान तितके ते तेल थंडीत अधिक सुलभपणे वाहते.

दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा. १०० अंशांना ज्याची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान भरते ते ३० प्रतीचे, १२.५ ते १६.३ हे ४० प्रतीचे, ६.९ ते ९.३ हे २० प्रतीचे. त्याखेरीज १५० अंश उष्णतामानात आणि बेअरिंगात होतो तशा जोरदार घुसळणीत तेल किती टिकाव धरते, याचीही किमान मर्यादा प्रत्येक प्रतीस घालून दिलेली आहे. एंजिनाच्या दृष्टीने ही शेवटची चाचणी मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. पण डब्यावर तिचा आकडा छापलेला क्वचितच आढळतो.

पुष्कळांची अशी समजूत असते की, असे दोन आकड्यांचे तेल थंडीत पातळ असते आणि तापल्यावर दाट होते. कोणतेही एंजिनतेल तापल्यावर दाट होत नाही. ५डब्ल्यू-३० तेलही तापले की पातळच होते. फक्त एकाच आकड्याच्या तेलापेक्षा ते कमी प्रमाणात पातळ होते. ही करामत बहुधा त्यात विरघळविलेल्या बहुवारिक पदार्थांची असते. त्यांचे लांबलचक रेणू थंडीत गुंडाळीसारखे आकसून राहतात आणि उष्णतेने पसरतात. पसरलेले रेणू प्रवाहास अडथळा करतात व पातळपणा मर्यादेत ठेवतात. सततच्या घुसळणीने हे रेणू तुटत जातात. तेल जुने झाले म्हणजे बदलावे लागते, त्याचे हे एक कारण.

उष्ण देशाचा युक्तिवाद

आता त्या मूळ समजाकडे वळू. मे महिन्यात नागपुरास पारा ४५ अंशांच्या वर जातो. लेहला जानेवारीच्या रात्री तो शून्याच्या खाली १० अंशांहूनही उतरतो. या दोन गावी तेल वेगळे हवे, हे वरवर पाहता उघड दिसते. परंतु एंजिनाच्या आत डोकावले तर चित्र बदलते. थंड करणाऱ्या पाण्याचे उष्णतामान थर्मोस्टॅट नावाची झडप ९० अंशांच्या आसपास राखून धरते. एंजिन पुरते तापल्यावर तेलही १०० अंशांच्या आगेमागे येते. हे नागपुरास होते तसेच लेहलाही होते. बाहेरच्या हवेत ५५ ते ६० अंशांचा फरक असला, तरी चालू एंजिनातील तेलाच्या वाट्यास त्यातला अगदी थोडा येतो. म्हणजे हवामानाने बदलतो तो मुख्यतः पहिला आकडा. दुसरा आकडा बव्हंशी एंजिनाच्या रचनेने ठरलेला असतो. भर उन्हात, पूर्ण भाराने, तासन्तास घाट चढावयाचा असेल तर थोडी अधिक श्यानता उपयोगी पडते, हे मान्य केले पाहिजे. काही कारखानदार आपल्या पुस्तिकेत हवेच्या उष्णतामानानुसार दोन-तीन प्रतींची मुभाही देतात. ती मुभा जेथे दिली असेल तेथे अवश्य घ्यावी. जेथे दिलेली नाही तेथे ती आपण होऊन घेऊ नये.

जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती. ज्यांच्या घरी अँबॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनी होती त्यांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० हेच आकडे परिचित असावयाचे, आणि ते त्या एंजिनांना साजेसेच होते. त्यांतील फटी सैल होत्या आणि तेलावर भार सोडून अन्य कामगिरी फारशी नव्हती. आजच्या एंजिनात तेल हे वंगण तर आहेच, शिवाय ते हुकूम पोहोचविणारा द्रवही आहे. झडपा उघडण्याची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा तेलाच्याच दाबाने, अगदी बारीक छिद्रांतून काम करते. टायमिंगची साखळी ताणून धरणारा भाग तेलावर चालतो. टर्बो असल्यास मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या त्याच्या दंडाला आधार आणि गारवा दोन्ही तेलच देते. ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ या प्रतीसाठी आखलेल्या एंजिनात २०डब्ल्यू-५० घातले, तर ४० अंशांना, म्हणजे आपल्याकडील उन्हाळ्यातल्या सावलीत, ते जवळजवळ चौपट दाट भरते. त्या छिद्रांतून ते वेळेवर जाईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. याच्या उलट, जुन्या सैल एंजिनात ०डब्ल्यू-१६ घालणेही तितकेच चुकीचे. तेथे पापुद्रा टिकणार नाही आणि तेल जळू लागेल.

अक्षरांचे महत्त्व

श्यानता बरोबर निवडली म्हणजे काम संपले असे नाही. खरे तर येथून पुढचा भागच अधिक दुर्लक्षित राहतो. डब्यावर आकड्यांबरोबर 'एपीआय एसएन', 'एपीआय एसपी' अशी अक्षरे असतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरविलेल्या या प्रती आहेत. पहिले 'एस' हे अक्षर पेट्रोल एंजिनाचे आणि दुसरे काळाच्या क्रमाने पुढे सरकणारे. एसएल २००१ साली आली, एसएम २००४ साली, एसएन २०१० साली, एसपी २०२० च्या मे महिन्यात आणि एसक्यू २०२५ च्या मार्चअखेर. मधली काही अक्षरे घोटाळा होऊ नये म्हणून गाळलेली आहेत, तेव्हा एसओ हे तेल मिळत नाही म्हणून कोणी शोधीत बसू नये. नवे अक्षर जुन्याची जागा घेऊ शकते, जुने मात्र नव्याची घेऊ शकत नाही.

या अक्षरांमागे तेलात मिसळलेल्या द्रव्यांचा सारा इतिहास आहे. कॅमसारख्या भागांवर तेलाचा पापुद्रा वेळोवेळी तुटतो आणि धातूला धातू भिडतो. तेथे झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट हे लांब नावाचे द्रव्य धातूवर एक संरक्षक थर धरते. हे द्रव्य प्रथम तेल बिघडू नये म्हणून वापरात आले; झीज थांबविण्याचा त्याचा गुण मागाहून कळला. परंतु त्यातील फॉस्फरस जळक्या तेलाबरोबर धुराड्यात जातो आणि धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकास निकामी करीत राहतो. आपल्याकडे हे उत्प्रेरक १९९५ पासून चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत आले, शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले, आणि २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज ६ चे कडक निर्बंध लागू झाले. म्हणून एसपी प्रतीच्या पातळ तेलांत फॉस्फरस शेकडा ०.०६ पेक्षा कमी नसावा आणि ०.०८ पेक्षा अधिकही नसावा, अशी दुहेरी मर्यादा आहे. खालची मर्यादा एंजिनासाठी आणि वरची धुराड्यासाठी. तेलात वरून ओतावयाच्या निरनिराळ्या बाटल्या बाजारात मिळतात. असा तोलून धरलेला समतोल त्यांनी सुधारण्यापेक्षा बिघडण्याचाच संभव अधिक.

सर्वांत अलीकडची अडचण टर्बोयुक्त, थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या लहान एंजिनांची. घाटात चढावर वरच्या गिअरमध्येच गाडी ठेवून आपण पाय दाबतो. फेरे कमी, भार मात्र पूर्ण. अशा वेळी पिस्टनच्या कडेला साचलेला तेल आणि पेट्रोल यांचा एखादा थेंब सिलिंडरात उडतो आणि ठिणगी पडण्याआधीच पेट घेतो. सिलिंडरातील दाब एकदम भलताच वाढतो. मोठा ठोका ऐकू येतो, आणि काही वेळा त्या एका ठोक्यात पिस्टन किंवा त्याची कडी भंगते. हा दोष केवळ पेट्रोलचा नाही, तेलातील द्रव्यांचाही आहे, असे शोधांती दिसून आले. एंजिन स्वच्छ ठेवण्यासाठी तेलात जी कॅल्शियमयुक्त द्रव्ये घालतात, ती या अकाली ज्वलनास उत्तेजन देतात. त्यांचा काही भाग काढून मॅग्नेशियमयुक्त द्रव्ये घातली म्हणजे ते कमी होते. यासाठी २०१८ साली 'एसएन प्लस' ही प्रत काढावी लागली, आणि पुढे एसपीमध्ये ही चाचणी कायमची आली. याचा व्यवहारातला अर्थ असा की, एसएल किंवा एसएन प्रतीचे तेल श्यानतेने बरोबर असले, नामांकित कंपनीचे असले आणि चार पैसे स्वस्त पडत असले, तरी अशा एंजिनात ते घालू नये. तेलात वाचलेल्या काहीशे रुपयांपुढे नव्या पिस्टनांचा खर्च किती, हे कोणत्याही गॅरेजवाल्यास विचारावे.

युरोपीय बनावटीच्या गाड्यांस याखेरीज एसीईए या तेथील संघटनेची प्रत आणि कारखानदाराची स्वतःची मान्यता, अशा आणखी दोन अटी असतात. 'मान्यताप्राप्त' आणि 'योग्य' या दोन शब्दांत येथे अंतर आहे. पहिला शब्द गाडी बनविणाऱ्याने दिलेला असतो, दुसरा तेल विकणाऱ्याने स्वतःच घेतलेला असतो.

व्यवहारात काय करावे

गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावी. तीत श्यानतेची प्रत आणि एपीआय किंवा एसीईएची प्रत, दोन्ही दिलेल्या असतात, आणि तेल किती लिटर लागते तेही असते. या गोष्टी चिठ्ठीवर उतरवून गॅरेजात न्याव्यात. 'आम्ही सर्व गाड्यांना हेच घालतो' असे उत्तर मिळाले, तर डबा आपण स्वतः विकत घेऊन जावा.

'सिंथेटिक' या शब्दाने फार भुलू नये. पूर्वी हा शब्द केवळ रासायनिक रीतीने जोडून बनविलेल्या तेलांना लावीत. १९९९ साली अमेरिकेत जाहिरातींविषयीच्या एका तक्रारीचा निकाल लागल्यापासून हायड्रोजनच्या प्रक्रियेने खोलवर शुद्ध केलेल्या खनिज तेलासही तो सर्रास लावला जातो. अशी तेले वाईट असतात असे मुळीच नाही. ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू प्रती साध्या खनिज तेलापासून साधणे कठीणच. परंतु अंकाक्षरे जुळत नसतील, तर महाग सिंथेटिक तेलही चुकीचेच तेल होय.

तेल काळे झाले म्हणजे ते संपले, असे समजण्याचेही कारण नाही. काजळी आणि मळ आपल्यात धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. लवकर काळे पडणारे तेल बहुधा आपले काम नीट करीत असते. बोटांत चोळून तेलाची परीक्षा करणारे जाणकार पुष्कळ भेटतात, पण बोटाला श्यानतेचा अंदाज ३० अंशांचा येतो, एंजिनाला ते १०० अंशांना लागते. बदलण्याचा काळ अंतराने किंवा महिन्यांनी, जे आधी येईल त्याप्रमाणे, पाळावा. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरविणाऱ्याने महिन्यांकडे अधिक लक्ष द्यावे. कारण अशा गाडीचे तेल पुरते तापतच नाही आणि ज्वलनातून उत्पन्न झालेले पाणी व न जळलेले पेट्रोल त्यात साचत जाते.

डिपस्टिक गाडी सपाट जागी उभी करून, एंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. वरच्या खुणेच्या वर तेल गेले तर फिरता क्रँक ते घुसळून त्याचा फेस करतो, आणि फेसात हवाच असल्याने पापुद्रा भार घेत नाही. असे जास्तीचे तेल काढून टाकावे. प्रवासात तेल कमी पडल्यास दुसऱ्या कंपनीचे, पण त्याच प्रतीचे तेल भरण्यास हरकत नाही. एपीआय प्रतीची तेले एकमेकांत मिसळू शकली पाहिजेत, अशी अटच आहे.

गाडीत भरून डब्यात अर्धा लिटर तेल उरते, आणि ते घरच्या मोटारसायकलीत घालण्याचा मोह अनेकांस होतो. बहुतेक मोटारसायकलींत क्लच एंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. गाडीच्या पातळ तेलात घर्षण कमी करणारी जी द्रव्ये असतात त्यांनी तो क्लच घसरू लागतो; म्हणून तेथे जपानी प्रमाणाची 'जेएएसओ एमए' ही अक्षरे असलेले तेल लागते. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असल्याने तिला याच प्रमाणाची 'एमबी' प्रत चालते. उरलेले अर्धा लिटर तेल डब्याचे झाकण घट्ट लावून, त्यावर प्रत आणि तारीख लिहून, पुढच्या वरभरणीसाठी ठेवून द्यावे.